मेंढरांचा आवाज का येत नाही?

हिंगोलीच्या एसटी स्टँडवर मला पुण्याच्या गाडीत बसवताना आबांनी, माझ्या वडिलांनी, निरोप असा दिलाच नाही. शेजारची बाई कुठली, ड्रायव्हर प्यालेला तर नाही, हीच चौकशी चालली होती. "कुनी चहा दिला तर घिऊ नको," एवढं सांगून ते शिरड शहापूरला आपल्या मेंढरांकडे परत गेले. मला भारी राग आला होता. आता तसल्याच संशयी स्वभावावर माझं पोट चालतं.

इथे जर्मनीत मी डार्क एनर्जी आणि डार्क रेडिएशनवर काम करते. पहिली विश्वाच्या फुगण्याला वेग देते. दुसरं म्हणजे विश्वाच्या आरंभापासून उरलेले, हाती न लागणारे वेगवान कण असावेत, असा अंदाज आहे. दोन्ही दिसत नाहीत. दीर्घिका कशा विखुरल्यात आणि आरंभीचा मंद उजेड आकाशात कसा पसरलाय, हे मोजून आम्ही एवढंच सांगतो की ती असलीच तर अमुक मर्यादेतच असतील. खरं उत्तर मात्र तपासणी संपेपर्यंत आम्ही स्वतःपासूनच झाकून ठेवतो. मनासारखं उत्तर दिसलं की माणूस तपासायचा थांबतो.

तुमच्यातले जे माझ्यासारखे लांब गेलेत, त्यांचं घरच्या फोनबाबत हेच होत असणार. माय म्हणायची, "समदं बराबर हाय." मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी कधी खोदून विचारलं नाही. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलताना जाणवलं की मायचा शब्द न् शब्द नीट ऐकू येतोय. पूर्वी मेंढरांच्या ओरडण्यात तिचं निम्मं बोलणं बुडून जायचं. मग संशयानं मला पछाडलंच. आबा कायम बसलेलेच का दिसतात? फोन कायम त्याच भिंतीपुढे का? आबांना मोठं दुखणं झालंय, असं मी ठरवूनही टाकलं आणि तिकिटं बघायला लागले.

मेंढरांचं विचारल्यावर माय म्हणाली, "काहून इचारून राहिलीस?" आणि तिनं फोन आबांच्या हातात दिला.

मेंढरं विकली होती. आबांच्या गुडघ्यांना रान झेपत नव्हतं, बाकी ते ठणठणीत होते. मला हायसं वाटलं आणि लगेच संताप आला. मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"सांगतलं असतं तर तू आली असतीस."

"मग? येऊ नये मी?"

"आली असतीस, तर पुन्हा गेली न्हाई असतीस. मेंढरं हाकत बसली असतीस."

तसं काही झालं नसतं, हे मला त्यांना ठासून सांगायचं होतं. पण तिकिटांचं पान माझ्यापुढे उघडंच होतं.

घर म्हणजे जिथं आपली वाट बघतात, असं मी समजत होते. आता घर म्हणजे ती दोन माणसं, जी मी परतू नये म्हणून एकमेकांना सांभाळून खोटं बोलतात. आणि फोन ठेवल्यावर तीच माझी वाट बघत असतील, असा मला दाट संशय आहे. विचारलं तर दोघंही नाहीच म्हणतील.