ओहोटीच्या वळ्या

आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या खोलीबाहेर मी वालुकाश्माची एक लादी ठेवली होती. तिच्यावर वाळूच्या वळ्या जशाच्या तशा दगड होऊन राहिल्या होत्या, दोन्ही अंगांना सारख्या उतरत्या. म्हणजे तिथे कधीकाळी उथळ समुद्र होता आणि लाटा पुढेमागे हलत होत्या. एवढंच मुलांच्या डोक्यात शिरावं म्हणून मी दरवर्षी घसा कोरडा करायचो. मुलं पेपरात वळ्यांचं चित्र काढून खाली 'वाऱ्यामुळे' असं लिहायची.

गेल्या महिन्यात तपासणी समिती येणार म्हणून साफसफाई निघाली. सोमवारी येऊन बघतो तर शिपायाने गवंड्याकडून लादीला टाकी मारून ती सपाट करून घेतलेली, आणि दाराशी पायरी म्हणून बसवलेली. माझं डोकंच फिरलं.

"अहो, त्या दगडावर काय होतं, ठाऊक तरी होतं का तुम्हाला?"

"होतं ना, सर," तो शांतपणे म्हणाला. "आमच्या पूर्णगडच्या पुळणीवर ओहोटी लागली की लाटांच्या अशाच वळ्या उमटतात. पायाला टोचतात, म्हणून तर काढून टाकल्या."

इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला हे उत्तर दिलं नव्हतं.