यादीची मागची बाजू

१७ सप्टेंबर, विश्वकर्मा पूजा. स्थळ: बालीगंज स्टेशनच्या मागच्या गल्लीतलं गॅरेज. हजर: निमाईदांची बायको झरनादी, माझा नवरा श्रीकांत, आमचा ड्रायव्हर गोपाल, मी, आणि कपाळाला शेंदूर लावलेली आमची पिकअप. गैरहजर: निमाईदा. ते मार्चमध्ये गेले.

निमाईदा मेकॅनिक होते. अंगाने किरकोळ, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. गाडी आली की ते बॉनेटला हात लावत नसत. मागे जाऊन उकिडवे बसत, सायलेन्सरच्या तोंडासमोर तळहात धरत आणि डोळे मिटत. मालक बोलत असला तर दुसरा हात वर करून त्याला गप्प करत. मग उठून तळहाताचा वास घेत आणि म्हणत, "आधी श्वास, मग ताकद." नवीन गिऱ्हाइकाला वाटे की हा मनुष्य गाडीला प्राणायाम शिकवणार.

दुसरी सवय डब्याची. गाडीच्या पोटातून जे निघेल ते ते फेकत नसत. उंदराचं घरटं, चमचा, लहान मुलाचा मोजा, एका टॅक्सीच्या सीटखालून निघालेली अख्खी कवळी. प्रत्येक वस्तूला सुतळीने कागदाची चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर गाडीचा नंबर लिहायचा आणि वस्तू बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. "वस्तू मालकाची, बौदी," ते मला म्हणाले होते. बौदी म्हणजे वहिनी. इथे निम्मं शहर मला वहिनी म्हणतं. "मालकाने विचारलं तर द्यायची. नाही विचारलं तर आपण कशाला चव्हाट्यावर मांडायची?" कवळी मागायला कोणी आलं नाही.

आमचं बोलणं माझ्या मोडक्या बंगालीत आणि त्यांच्या त्याहून मोडक्या हिंदीत चाले. इथे ते मराठीत लिहिते आहे, त्यामुळे दोघेही आहोत त्यापेक्षा शहाणे वाटू.

श्रीकांतची बँकेतली बदली आम्हाला कोलकात्यात घेऊन आली. त्याची पुढची बदली झाली तेव्हा मी इथेच राहिले, कारण तोवर माझं स्वयंपाकघर उभं राहिलं होतं. सात बाया, दोन मोठ्या शेगड्या आणि ऑफिसांना दुपारचं जेवण पोचवायचं काम. श्रीकांत निवृत्त होऊन परत आला आणि त्याला मी भाजी निवडायला बसवलं. पहाटे सियालदहच्या घाऊक बाजारातून भाजी आणायची आणि दुपारी जेवणाची पिंपं घेऊन उड्डाणपुलापलीकडच्या ऑफिसात पोचायचं, ही दोन्ही कामं जुन्या डिझेल पिकअपवर. गाडी गोपाल चालवायचा. तो कॅनिंगच्या बाजूने रोज लोकलने येई आणि आल्या आल्या गाडी पुसायला घेई.

एका वर्षी पावसानंतर पिकअप पूल चढेना. भरलेली असली की पुलाच्या निम्म्यात पहिल्या गिअरवर यायची, मागे काळा धूर आणि त्यामागे सगळ्या कोलकात्याचे हॉर्न. दोनदा जेवण उशिरा पोचलं. ऑफिसने दोनदा लेखी कळवलं. तिसऱ्यांदा उशीर झाला तर काम बंद. ते काम म्हणजे आमचं निम्मं स्वयंपाकघर.

"बौदी, गाडीला दम लागतोय," गोपाल म्हणायचा.

"गाडीला नाही, तुझ्या पायाला," मी म्हणायचे. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे दोन फुल्या होत्या. तिसरी पडली की दुसरी नोकरी बघ, असं मी त्याला सातही बायांसमोर सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो एक लोकल आधीची पकडून येऊ लागला. गाडी तेवढ्याच हळू चालत होती.

श्रीकांतने मोबाइलवर व्हिडिओ बघून तोडगा काढला: गाडीची हवा आत घ्यायची आणि धूर बाहेर टाकायची, दोन्ही वाटा मोठ्या करायच्या. मी खर्चाची मर्यादा घातली, सात कलमांची यादी केली आणि शनिवारी सकाळी श्रीकांत आणि गोपाल दोघांना घेऊन निमाईदांकडे गेले.

त्यांनी यादीकडे पाहिलं नाही. माझ्या साडीच्या काठाकडे पाहिलं. "हे कोणत्या देशाचं विणकाम?"

"इरकल. आमच्या बाजूला मिळतं."

"माझी सासुरवाडी शांतिपूरची, विणकरांची. चाळीस वर्षं सासऱ्यांचं माग-पुराण ऐकलंय. असा काठ मात्र इकडे कोणाकडे पाहिला नाही." मग त्यांनी यादी घेतली आणि दुसऱ्याच कलमावर थांबले. "हा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर कशाला?"

"ताकद वाढते म्हणे," श्रीकांत म्हणाला.

"दादा, आमच्या गल्लीतल्या क्लबातही आवाज फार आहे. पंचवीस वर्षांत त्यांनी एक खुर्ची दुरुस्त केलेली नाही. शिवाय पोलीस पकडतील तो आवाज ऐकून पकडतील, ताकद बघून नाही."

मी मुद्द्यावर आले. गोपाल शेजारीच उभा होता, आणि मी ते त्याच्यासमोरच बोलले. "निमाईदा, मला एवढंच सांगा. दोष गाडीचा की ड्रायव्हरचा? ड्रायव्हरचा असेल तर मी गाडीवर खर्च करणार नाही. सोमवारपासून दुसरा माणूस बघीन."

गोपालने हातातलं फडकं घडी करून खिशात ठेवलं. परत काढलं. परत घडी केली.

"गाडी खोटं बोलत नाही," निमाईदा म्हणाले. "खोटं माणसं बोलतात. दुपारी या. गोपाल, तू पण जा, जेवून घे."

दुपारी गेलो तेव्हा गाडीच्या एअर फिल्टरचा डबा उघडून ठेवलेला होता आणि निमाईदा हात पुसत होते. निकाल सांगायच्या आधी त्यांनी मलाच प्रश्न विचारला. "रस्त्यात कंबरभर पाणी होतं तेव्हा गाडी कुठे होती, बौदी?"

मला बरं वाटलं. अशा वेळी मी काय करते हे कोणी विचारत नाही. पर्समधली पावसाळ्याची यादी काढून मी वाचून दाखवली. एक, गाडी चढावर लावणे. दोन, बॅटरी काढून ठेवणे. तीन, कागदपत्रं माळ्यावर. चार, पाणी जाऊ नये म्हणून हवेच्या नळीच्या तोंडाला कापड बांधणे. चारही कलमांपुढे बरोबरची खूण. "लोकल बंद होत्या, गोपाल आलाच नव्हता. सगळं मी एकटीने केलं," मी म्हणाले. तेही गोपालसमोर.

निमाईदांनी यादी हातात घेतली, पुढून वाचली, उलटी करून मागून पाहिली. "मागची बाजू कोरी आहे."

"मी एकाच बाजूला लिहिते. वाचायला सोपं जातं."

"मागची बाजू कोरी ठेवू नये, बौदी," ते म्हणाले आणि यादी परत दिली. मला वाटलं, माणूस कागदाच्या बाबतीत काटकसरी आहे.

मग त्यांनी निकाल दिला. "दोष गाडीचा. शंभर टक्के. धुराची नळी गतिरोधकावर आपटून चेपली आहे, सायलेन्सर आतून कुजला आहे, श्वास अडकलाय. ही गाडी पूल चढली हेच गोपालचं कौशल्य. दुसरा कोणी असता तर गाडी उलटी खाली आली असती."

गोपाल चेपलेली नळी बघायला म्हणून गाडीखाली गेला. बराच वेळ खालीच होता.

काम तीन दिवस चाललं आणि माझ्या मर्यादेत बसलं. मर्यादेत बसवणं ही निमाईदांची कला होती. सायलेन्सर त्यांनी जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आणला, थोड्या मोठ्या गाडीचा, आवाजाने सभ्य. निवडताना ते प्रत्येक सायलेन्सर कानापाशी हलवून बघत होते, आपण नारळ बघतो तसा. खुळखुळला की नापास. नवी नळी एक आकार मोठी घेतली आणि तिची वळणं जिन्याचे कठडे बनवणाऱ्या कारागिराकडून काढून आणली. "गाडीच्या दुकानातला नळी वाकवतो तेव्हा ती कोपऱ्यात चेपते," ते म्हणाले. "कठडेवाला चेपू देत नाही. म्हाताऱ्या लोकांचे हात त्यावरून फिरणार असतात." त्याच कारागिराकडून त्यांनी हवा आत घ्यायची नळीही करून घेतली आणि तिचं तोंड केबिनच्या मागून पार छतापर्यंत वर नेलं. वर पावसाची टोपी बसवली. हे माझ्या यादीत नव्हतं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"आता छातीपर्यंत पाणी आलं तरी तोंडाला काही बांधावं लागणार नाही," ते म्हणाले. "यादीतलं एक कलम कमी."

एक काम मात्र अर्धवट राहिलं. धुराच्या नळीला शेवटी टांगून धरणारं रबर योग्य मापाचं मिळेना. त्यांनी तिथे जाड तार गुंडाळली. "आपातत," ते म्हणाले, म्हणजे तूर्तास. मी ते वहीत लिहून घेतलं.

सोमवारी संध्याकाळी पिंपांत पाणी भरून आम्ही पुलावर गेलो. गोपाल चालवायला, मी शेजारी घड्याळ घेऊन, निमाईदा मागे पिंपांमध्ये उभे. पुलाच्या पायथ्याशी गोपालने नेहमीसारखा पहिला गिअर टाकायला हात नेला. मागून केबिनवर थाप पडली. "थांब! ओढतेय. ओढू दे तिला." गाडी तिसऱ्या गिअरवर वर गेली. मागे धूर नाही, हॉर्न नाही. गोपालने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पुलाच्या माथ्यावर त्याने लांबलचक हॉर्न वाजवला. समोर कोणीही नव्हतं.

घरी येऊन मी वहीतल्या दोन्ही फुल्या खोडल्या. गोपालला म्हणाले, "ठीक आहे. उद्यापासून नेहमीची लोकल पकड." माफी मागायचा प्रश्न नव्हता. दोष गाडीचा होता, तसा निकाल होता. ऑफिसचं काम टिकलं, अजून आहे.

त्यानंतर निमाईदा आमच्या घरचेच झाले. पुरणपोळी त्यांना आवडली नाही आणि त्यांनी तसं सांगितलं. "डाळ गोड करायची तर मिठाई का नाही करायची?" पिठलं मात्र मागून न्यायचे. तारेची आठवण केली की म्हणत, "आपातत आहे ना? मग चालू दे. या शहरातलं निम्मं सगळं आपातत आहे." मार्चमध्ये एका सकाळी गॅरेजचं शटर अर्ध्यावर उचलून ते तिथेच बसले. रुग्णालयात पोचेपर्यंत संपलं होतं. गोपालने त्या दिवशी पहिल्यांदा रजा मागितली, आणि खांदा द्यायला गेला.

झरनादी गॅरेज चालू ठेवणार आहेत की नाही हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही. पूजा मात्र केली. या दिवशी अवजारांना हात लावत नाहीत, म्हणून आदल्या दिवशीच सगळं धुऊन, पुसून, शेंदूर लावून मांडलं होतं. इथे पतंग याच दिवशी उडवतात, आभाळ त्यांनी भरलं होतं. गोपाल अंगणात खिचुडीसाठी पत्रावळी मांडत होता आणि श्रीकांत त्याला जागा कमी पडेल असं सांगत होता. झरनादींनी मला आत बोलावलं. त्यांच्या हातात बिस्किटांचा डबा होता.

"मालकांच्या वस्तू वाटून टाकतेय," त्या म्हणाल्या. "ही तुझी."

धुऊन, इस्त्री करून घडी घातलेला कापडाचा तुकडा. हिरवा, इरकली काठाचा. माझ्या जुन्या साडीचा. सुतळीला चिठ्ठी, चिठ्ठीवर आमच्या पिकअपचा नंबर आणि खाली बंगालीत एक ओळ. मला बंगाली वाचता येतं, पण हळू. 'हवेच्या नळीत, आत ओढलं गेलेलं. बौदीला सांगितलं नाही.'

यादीत बांधणे होतं, त्यापुढे खूण होती. सोडणे कुठेच नव्हतं. ते मागच्या बाजूला लिहायचं असतं. माझं कापड नळीत शिरलं, गाडी धापा टाकू लागली आणि मी गोपालच्या नावापुढे फुल्या मारल्या. गाडी खोटं बोलत नाही म्हणणाऱ्या माणसाने गाडीच्या नावाने खोटं सांगितलं. खरं बोलले असते तर मी सातही बायांसमोर, सगळ्या गल्लीसमोर खोटी पडले असते. त्यांनी गोपालची नोकरी वाचवली आणि माझी अब्रूही. नळी मात्र खरंच चेपलेली होती, मी स्वतः पाहिली होती. खोटं सांगायलाही त्यांनी खरं काम शोधलं.

"काय आहे ग ते?" श्रीकांतने बाहेरून विचारलं.

"फडकं," मी म्हणाले आणि पर्समध्ये टाकलं. गोपालने माझ्या पानावर सगळ्यांत मोठं बेगुनी, म्हणजे वांग्याचं भजं, वाढलं.

आता मी रोजच्या यादीच्या मागच्या बाजूलाही लिहिते. सध्या तिथे दोन कलमं आहेत. एक, नळीची तार काढून रबर बसवणे. हे मुद्दाम बाकी ठेवलं आहे, निमाईदांच्या तारेला कोणी हात लावायचा नाही. दोन, गोपालला सांगणे, सातही बायांसमोर. दुसरं कलम रोज नव्या कागदावर उतरवते. आज पण उतरवलं. खूण केलेली नाही.