वरच्या रस्त्यावर व्हर्डी आत्या

माझी व्हर्डी आत्या अमेरिकेतल्या ब्लू रिजच्या डोंगरातल्या एका खोऱ्यात जन्मली, तिथंच नांदली, तिथंच विधवा झाली. साठीला टेकली तेव्हा सरकारनं तिथं राष्ट्रीय उद्यान करायचं ठरवलं आणि डोंगरातली घरं उठवायला घेतली. फक्त म्हाताऱ्याकोताऱ्यांना, त्यांनी अर्ज केला तर, मरेपर्यंत राहू देणार होते. आत्याला लिहिता येत नव्हतं. तिनं मास्तरीणबाईंकडून अर्ज लिहून घेतला आणि कचेरीत पोचवायला धाकट्या भावाच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातात दिला.

उत्तर आलं नाही. मार्चमध्ये दोन माणसं आली. त्यांनी तिची भांडीकुंडी, अर्धवट शिजलेला घेवडासुद्धा, अंगणात आणून ठेवली आणि घराला काडी लावली. पुढची सोळा वर्षं ती खाली सपाटीवर आमच्या शेजारी राहिली. ओकच्या पट्ट्यांच्या टोपल्या विणायची. दर रविवारी चर्चनंतर आमच्याकडे जेवायला यायची.

१९५२च्या ऑक्टोबरात मी जुनी का होईना, गाडी घेतली. झाडं लालभडक झाली होती. म्हटलं, "आत्या, चल, उद्यानातल्या वरच्या रस्त्यानं फिरवून आणते."

"माझ्याच डोंगरात जायला तिकीट काढायचं?" असं म्हणत ती टोपी घालून दारात उभीसुद्धा राहिली.

वडील मात्र गुडघ्यांचं निमित्त सांगायला लागले.

"एल्झा," आत्या धाकट्या भावावर खेकसली, "गाडी काय गुडघ्यांवर रांगत न्यायचीय? बस मुकाट्यानं!"

वळणावळणानं चढत आम्ही डोंगरमाथ्यावर आलो. दरी दिसते तिथं गाड्या थांबवायला जागा आहे, कडेनं बुटका दगडी कठडा. शहरातली माणसं फोटो काढत होती. कठड्यापाशी एक म्हातारा हातकाठ्या विकत बसला होता. आत्यानं त्याला लांबूनच ओळखलं. तो क्लीट, तिचा जुना शेजारी. त्याचा अर्ज मंजूर झाला होता.

"व्हर्डी! अगं, जिवंत आहेस होय!" तो हसला, मग जरा गंभीर झाला. "पण एक सांग, तू आपणहून का गेलीस? माझा अर्ज द्यायला गेलो तेव्हा साहेबानं तुझा कागद दाखवला. स्वखुशीनं घर सोडते, खाली अंगठा."

"मी कुठल्याच कागदावर अंगठा लावला नाही," आत्या म्हणाली.

क्लीटनं माझ्या वडिलांकडे पाहिलं. मग मीही पाहिलं. आत्यानं सर्वांत शेवटी.

"अंगठा माझा होता, ताई," वडील म्हणाले. "या रस्त्यावर मुकादम नेमायचा होता. साहेब म्हणाला, आधी बहिणीचं घर रिकामं करून दे. घरात पीठ नव्हतं. ही तापानं फणफणलेली."

'ही' म्हणजे मी. त्याच मुकादमीवर मी शिकले, शिक्षिका झाले.

आत्या कठड्याला टेकून उभी होती. "हा तू बांधलास?"

वडिलांनी मान डोलावली. ती कठड्यापासून दूर झाली.

"नुसतं विचारायचं होतंस रे," ती म्हणाली. "पोर आजारी आहे म्हणाला असतास, तर मीच उतरून आले असते."

त्या रविवारी आत्या आली नाही, नंतरही कधी नाही. वडिलांनी तिच्या दारात लाकडं फोडून ठेवली की दुसऱ्या दिवशी ती लाकडं परत आमच्या कुंपणाशी असायची.

चौथ्या वर्षी वडिलांनी अंथरूण धरलं. मी आत्याला बोलवायला गेले. संध्याकाळी ती आली.

"माझ्या अर्जाचं काय केलंस?"

"चुलीत घातला."

"वाचला होतास?"

"नाही."

मग खुर्ची ओढून बसली आणि मास्तरीणबाईंना सांगितलेला अर्ज तिनं त्याला तोंडपाठ म्हणून दाखवला. झरा कुठं आहे, नवरा कुठं पुरलाय, दोन तान्ही बाळं कुठल्या झाडाखाली आहेत, आणि मला तिथंच राहू द्यावं ही विनंती. वडील भिंतीकडे तोंड करून रडत होते. ती थांबली नाही, शेवटपर्यंत म्हणून उठली.

माफ केलं, असं तिच्या तोंडून आलं नाही. पाच दिवसांनी वडील गेले. दफनाला ती शेवटच्या रांगेत उभी राहिली आणि पहिली माती पडताच चालत घरी गेली.