त्या चोराले काय म्हटलं?

बडे बाबूनं ते पुस्तक दोन बोटांनी उचललं. मेलेला उंदीर उचलावा तसं.

"किसका है ये?"

माह्या खाकी शर्टाच्या खिशातून पडलं होतं. फायलींचा गठ्ठा उचलायले वाकलो, तेव्हा. अख्ख्या दफ्तरानं पाह्यलं. नागपूरहून आलेलं, मराठीतलं, तळहाताएवढं शुभवर्तमान, येशूच्या चरित्राचं पुस्तक.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका सरकारी दफ्तरात मी चपराशी होतो. अजून पक्का झालो नव्हतो. बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, मराठीच. तीन पिढ्या नोकरीतल्या. पण चपराशासंगं मराठी बोलत नसत. मी मराठीत बोलावं, त्यायनं हिंदीत उत्तर द्यावं.

"बोल ना. कितने में बिका? दूध पावडर का डब्बा मिला, के गेहूँ भी?"

सगळे हसले. दूध-गहू घेऊन लोक ख्रिस्ती होतात, असा त्यायचा समज.

"माहं नाही साहेब. बसमधी सापडलं."

"अच्छा? तो फाड. भजिये आ रहे हैं."

फाडलं. माह्याच हातानं एकेका टेबलावर एकेक पान ठेवलं, त्यावर हॉटेलच्या पोऱ्यानं गरम भजे वाढले. तेल पसरत गेलं तशी मागच्या बाजूची अक्षरं पुढं दिसायले लागली. कोणी मले मारलं नाही. हात लावायचा प्रश्नच नव्हता. पाणी प्यायचा माहा गिलासही खिडकीत वेगळा, पालथा असे.

दूध पावडर मी जन्मात चाखली नव्हती. आमचं घर हट्ट्याकडचं, वस्ती गावाबाहेर. मी दारू प्यायचो. एक दिवस पिऊन पोरीच्या पायावर उकळतं पाणी सांडलं. तिची पट्टी बदलायले दवाखान्यात नेत होतो. तिथं एक म्हातारी नर्सबाई होती. पोरगी रडे आणि मी भिंतीकडं तोंड करून उभा राहो. एक दिवस ती म्हणाली, "तुम्ही काय केलं ते येशूले माहीत आहे. तरी तो तुमच्यासाठी मेला. तुम्ही काही द्यायचं नाही, काही फेडायचं नाही. विश्वास ठेवा. आणि ज्याले माहीत नाही, त्याले सांगा."

काही न मागता कोणी काही देते, हेच मले नवं होतं. मी तिथंच फरशीवर बसून रडलो. दारू हळूहळू सुटली. ते पुस्तक तिनंच दिलं होतं.

त्या दिवशी भजे खाऊन पाच वाजता दफ्तर रिकामं झालं. आवक-जावकचे कारकून देवरावजी मात्र बसून होते. पन्नाशीतले, शांत, गालात कायम तंबाखू. त्या गालात काही दिवसांपासून फोड होता, भरत नव्हता. त्यायच्यापुढं ते तेलकट पान होतं.

"इकडं ये. हे पाय. येशूच्या दोन्ही बाजूले दोन चोर टांगले आहेत. एक चोर म्हणते, मी केलं ते भोगून राह्यलो, यानं काय केलं? मग त्याले म्हणते, माही आठवण ठेवजो. इथंच पान फाटलं. त्या चोराले काय म्हटलं मग त्यानं?"

मले तोंडपाठ होतं.

"मले काय माहीत, बाबूजी. मी वाचत नाही."

त्यायनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "मीही चोरच आहो रे. विधवा बायांच्या पेन्शनच्या फायली दाबून ठेवल्या म्या. उन्हातान्हात चकरा मारायले लावल्या. म्हणून विचारून राह्यलो."

मी झाडू घेतला आणि झाडायले लागलो.

नोकरीचं भ्याव होतं, हे खरं. पण तेवढंच नव्हतं. हे सांगायले मले फार वर्षं लागली. देवरावजीनं कधी मले शिवी दिली नाही, पण माहा गिलास त्यायनंही कधी उचलला नव्हता. त्या दिवशी पानावरचे भजे त्यायनंही खाल्ले होते. देऊळ तुमचं, विहीर तुमची, खुर्ची तुमची. हा एक देव आमच्याकडं आला, त्याच्यावरही आता तुम्हीच हात ठेवता? राहा तसेच. असं मनात आलं. आणि मले बरं वाटलं.

देवरावजी सुट्टीवर गेले. नागपूरले दाखवलं. तोंडाचा कॅन्सर निघाला, हाताबाहेर गेलेला. घरी आणल्यावर त्यायनं दुसऱ्या चपराशाजवळ निरोप पाठवला, "त्याले म्हणा, एकदा येऊन जा."

"रविवारी जातो," मी म्हटलं.

तीन रविवार गेले. एकदा तर सायकलनं वैनगंगेच्या पुलापर्यंत गेलतो, त्यायचं घर पलीकडंच होतं. तिथूनच परतलो.

चौथ्या रविवारी पोचलो तर दारात त्यायची बायको उभी होती. कपाळ मोकळं. मी नाव सांगितलं.

"तुम्हीच का ते? शेवटी त्यायच्या तोंडून शब्द निघत नव्हता. पाटीवर लिहून दाखवत. तुमचंच नाव लिहिलं होतं. काय काम होतं?"

"त्यायनं मले एक गोष्ट विचारली होती, बाई. मी सांगितली नाही."

"मग मले सांगा."

उभ्या उभ्या सांगितलं. त्या चोरानं काही फेडलं नव्हतं. फेडायले हातही मोकळे नव्हते. नुसता विश्वास ठेवला, आणि येशूनं त्याले त्याच दिवशी आपल्यासंगं स्वर्गात घेतलं.

तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "हे त्यायच्या कामाचं होतं. काहून नाही आले तुम्ही?"

सायकल हातात धरून मी पुलापर्यंत पायीच आलो.

दुसऱ्या दिवशी दफ्तरात देवरावजीसाठी दोन मिनिटं सगळे उभे राह्यले. मग बडे बाबू बसले. "चल, चाय ला."

मी हललो नाही.

"साहेब, ते पुस्तक माहं होतं. माहा येशूवर विश्वास आहे. मले कोणी विकत घेतलं नाही. त्या दिवशी मी खोटं बोललो."

"नौकरी प्यारी नहीं है?"

"हौ, प्यारी आहे. तिच्यापायी एक माणूस तसाच गेला. आता नाही."

कोणी हसलं नाही. आठ दिवसांत माही बदली आमच्याच जिल्ह्यातल्या खैरलांजीले झाली. पक्कं व्हायचं लांबलं ते लांबलंच.

नर्सबाईले सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, देवानं तुम्हाले माफ केलं. केलं असंल. मी तसा विश्वास ठेवतो. पण देवरावजी विचारत गेले आणि मी गप्प होतो, हे माफीनं बदलत नाही. त्या बाईसमोर मी अजूनही उभाच आहो.

मी कोणाच्या मागं लागत नाही. कोणाले लालूच दाखवत नाही. पण कोणी विचारलं, तर त्याची जात पाहत नाही, त्यानं मले कसं वागवलं ते आठवत नाही, माही नोकरी आठवत नाही. हातातलं काम खाली ठेवतो आणि तिथंच सांगतो. उद्या बडे बाबू येऊन विचारतील, त्यायलेही सांगीन. मनातून नको वाटलं तरी सांगीन.