दौलतभाऊंची जेवायची जागा

दुपारी डब्याची वेळ झाली की आमच्या कारखान्यातले लोक सावली शोधायचे. फिटर दौलतभाऊ मात्र कधीकधी भर दरवाज्यात, येण्याजाण्याच्या वाटेवर फतकल मारून जेवायला बसायचे. मी नवा सुपरवायझर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दरडावलंच, "ही काय बसायची जागा आहे?"

"आजच्या दिवस हीच आहे साहेब," म्हणून ते भात कालवत राहिले.

वरठीजवळच्या त्या कारखान्यात पॅकिंगच्या शेडला जाड कॅनव्हासचा दरवाजा होता. बटण दाबलं की मोटर तो सर्रकन वर गुंडाळायची. त्याच्या खालच्या कडेला जड लोखंडी दांडी होती आणि तिची दोन्ही टोकं भिंतीवरच्या ट्रॅकमध्ये धावायची. ट्रॅकमधलं अंतर कुठे कमी झालं की खाली येताना दांडी एखाद्या वेळी तिथे अडकायची. वरून कापड सुटत राहायचं आणि मग दांडी एकदम खाली आदळायची. पॅकिंगच्या बायका दिवसभर डोक्यावर खोकी घेऊन तिच्याखालून जात.

म्हणून ट्रॅक नीट केला की दौलतभाऊ कोणाला तरी बटणाजवळ उभं करत, दरवाजा डोक्याच्या हातभर वरपर्यंत खाली-वर चालवायला लावत आणि तेवढ्या वेळात खाली बसून डबा संपवत. "बायकाईले जा म्हणाचं अन् आपण दूर उभं राहाचं, हे मले जमत नाई," एवढंच त्यांचं म्हणणं.

एकदा ते धानाच्या रोवणीसाठी आपल्या गावी, आंधळगावला गेले असताना ट्रकचा धक्का लागून ट्रॅक वाकला. डिप्लोमा माझ्याकडे होता, तोराही होता. मी मापाचा टेप लावला, ट्रॅक सरळ करून बोल्ट आवळले. दरवाजा दोनदा चालला. बाहेर ट्रक खोळंबलेला, मॅनेजर ओरडतोय. मी बायकांना हाक मारणार, तेवढ्यात सुट्टी संपवून दौलतभाऊ सायकलवरून उतरले.

"कोनं बांधला ट्रॅक?"

"मी."

"बेस केलं. मंग बसा खाली."

मी हसलो. ते हसले नाहीत. मी एक पाऊल टाकलं आणि थांबलो.

"माप कुठं घेतलं, साहेब?"

"खाली."

"अन् वरतं?"

वर मी चढलोच नव्हतो. शिडी लावून वर माप घेतलं, तर तिथे अंतर बोटभर कमी निघालं. दौलतभाऊंनी शिडी धरली. मॅनेजर धावत आला तेव्हा ते म्हणाले, "साहेब काम करून राहिले. ट्रक थांबते." माझी चूक त्यांनी कोणालाच सांगितली नाही. मी एकेक बोल्ट पुन्हा सैल केला, वर, मध्ये, खाली मापं घेतली आणि दरवाजा चालू असताना खाली बसून थंड पोळी खाल्ली.

नंतर मी बऱ्याच मशीन बसवल्या. त्या प्रत्येक वेळी "मंग बसा खाली" हे माझ्या कानात होतं. एकही बाई माझ्या हातून जखमी झाली नाही, याचं श्रेय मी आजही त्यांनाच देतो.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ते निवृत्त झाले. नेमक्या त्याच दिवशी ट्रॅक मी बांधला होता आणि डबा घेऊन खाली बसलो होतो. डोक्यावर दांडी वर-खाली होत होती. दौलतभाऊ आले. आता टेप मागतील, असं मला वाटलं. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. माझ्या शेजारी मांडी घातली, स्वतःचा डबा उघडला आणि विचारलं,

"भाजी कायची आणली, साहेब?"