हसली की पडते
बोईसरच्या बाजारात सुके बोंबील विकणाऱ्या नलूला सगळे ‘झोपाळू’ म्हणत. गिऱ्हाइकाशी घासाघीस चालू असतानाच तिची मान कलायची. शेजारची कोळीण कोपर मारून जागं करायची, की नलू आधी पदर सारखा करी आणि मग समोर कोण उभं आहे ते बघे. सासू म्हणे, “हिच्या अंगात आळस भरलाय.” नवरा चिंतूनं बोटीवरच्या माणसांना घरी जेवायला आणणं कधीच बंद केलं होतं.

याहून वाईट गोष्ट नलूनं कुणालाच सांगितली नव्हती. पोटातून हसू आलं की तिचे गुडघे ढिले पडत, जबडा लोंबे आणि ती जिथल्या तिथे कोसळे. म्हणून तिनं हसणंच सोडलं. बाजारात चेष्टामस्करी सुरू झाली की ती टोपल्या आवरायचं निमित्त काढी. लोक तिला शिष्ट समजत. ते तिला चालत होतं.

लेकीचा, रिद्धीचा साखरपुडा मात्र टाळता येणार नव्हता. होणारी विहीण पुष्पलता मोठी बोलघेवडी. रिद्धीची ओटी भरता भरता तिनं आपल्या मुलाच्या लहानपणची गोष्ट काढली. पापलेट पळवणाऱ्या मांजरामागे हा म्हणे नागडाच गावभर धावला होता. नलूनं ओठ दाबून धरले. तरी हसू फुटलंच. हातातलं तबक खणखणत गेलं आणि ती सगळ्यांसमोर आडवी झाली.

शुद्ध पूर्ण होती. बोट हलत नव्हतं, पण कानांवर सगळं पडत होतं.

“ताडी मारून आलीय.”

“लेकीच्या साखरपुड्याला तरी!”

मग रिद्धीचा दबका आवाज, अगदी कानाशी. “आई, ऊठ ना गो. माजी लाज काढलीस.”

नलूला ओरडून सांगायचं होतं. जीभ उचलेना.

त्यानंतर ती बाजारात जाईना. पुष्पलतेकडून लग्नाची तारीख येईना. शेवटी चिंतूनंच तिला पालघरला नेलं, मेंदूच्या डॉक्टर हिनाबाईंकडे. त्यांनी झोपेच्या तपासण्या करवल्या. आणि आजवर कुणी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं, “हसल्यावर पडता का?” नलूनं मान खाली घातली. त्यांना तेवढं पुरलं.

त्यांनी पडद्यावर उंदराच्या मेंदूचं चित्र दाखवलं. काळ्यावर हिरवे ठिपके, थोडेसेच, एका जागी गोळा झालेले, आणि त्यांच्यातून निघालेले बारीक धागे सगळीकडे पसरलेले.

“या पेशी ओरेक्सिन नावाचं द्रव्य बनवतात. त्यानं आपण जागे राहतो. शास्त्रज्ञांनी त्या रंगवून त्यांचा नकाशा केलाय. उंदीर असो, कुत्रा असो, माणूस असो, जागा जवळपास तीच, मेंदूच्या तळाशी. तुमच्या या पेशी बऱ्याचशा मेल्या असाव्यात, म्हणून झोप आवरत नाही आणि हसताना अंगातलं बळ जातं.”

“मंग मी आळशी नाय?”

“नाही. हा आजार आहे.”

नलू रडली, पण हलकं वाटलं नाही. इतकी वर्षं लोक बाहेरून बघत होते, आता डोक्याच्या आतही कुणी डोकावतंय असं वाटून तिनं पदर डोक्यावरून ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती चिंतूला घेऊन वैतरण्याला विहिणीकडे गेली आणि उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पुष्पलतेचा पहिला प्रश्न आला, “पोरीला पन होल का?”

“सहसा नाय, असं डॉक्टरीन बोलली. पन नायच होनार, असं कोन सांगल?”

पुष्पलता दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, “आमी तुला दारुडी ठरवली. आत ये, बस.”

नलू आता गोळ्या घेते, तरी दुपारी टोपलीमागे चटई टाकावी लागतेच. पुष्पलतेकडून तारीख आली आणि लग्न झालं. मांडवात तिनं मागची, खांबाला टेकलेली खुर्ची मागून घेतली होती. सप्तपदी झाल्यावर रिद्धी शालू सावरत तिथे आली आणि हसता हसता पडू नये म्हणून आईचं कोपर घट्ट धरून शेजारी बसली. साखरपुड्यातले ते शब्द दोघींच्या मनात होते; एकमेकींकडे बघणं जमलं नाही.