रोसाल्बा बादलीत बघते

आमच्या विलकॉक्स गावात रोसाल्बा किहादाला नुसत्या नावाने कुणी हाक मारत नाही. तिने जन्मभर शाळेची बस चालवली. त्या बसमधून शाळेत गेलेली मुलं आता स्वतः आईबाप झाली, तरी तिला ‘मिस रोसाल्बा’च म्हणतात. निवृत्त झाल्यावर तिने एक पांढरी व्हॅन घेतली आणि टूसॉन-फीनिक्स या शहरांतून येणाऱ्या पाहुण्यांना दर शनिवारी आमच्या वाळवंटातल्या दारवा चाखायला नेऊ लागली. दोन वायनऱ्या, मग जेवण आणि बिअर. स्वतः थेंबालाही शिवत नाही. तिच्या गाडीत चाळिशीचे वकील पट्टा लावून, हात मांडीवर ठेवून बसतात. प्रत्येक थांब्यावर पेलाभर पाणी प्यावं लागतं. सगळ्यांचे पेले रिकामे झाल्याशिवाय गाडी हलत नाही.

माझी मुलगी डेलिया तिच्याच बसने शाळेत जायची. एकदा धुळीचं वादळ आलं तेव्हा रोसाल्बाने बस रस्त्याच्या कडेला खूप आत घेतली, दिव्यांच्या रोखाने मागून कुणी येऊन धडकू नये म्हणून सगळे दिवे बंद केले आणि धूळ बसेपर्यंत मुलांना पाढे म्हणायला लावले. इकडे मी शेरीफच्या पोलीस कचेरीत इतक्या वेळा फोन केला, की शेवटी तिथल्या बाईने मलाच थोडं पाणी प्यायला सांगितलं. डेलिया घरी आली ती बाराचा पाढा पाठ करून.

तर ही डेलिया आता मधाची वाईन करते. पिस्त्याच्या बागेतली एक जुनी शेड तिने भाड्याने घेतली आहे. तिकडे जाणारा रस्ता कच्चा, त्यामुळे चुकून येतात त्या फक्त गाई. रोसाल्बाची व्हॅन शनिवारी तिथे थांबू लागली तर धंदा चालेल, नाहीतर थंडी सुरू व्हायच्या आत शेड सोडावी लागेल, हे डेलियाने मला शांतपणे सांगितलं. शांतपणा तिने बापाकडून घेतला आहे.

रोसाल्बा तिला म्हणाली, “एकदा आणते माणसं. मग बघते.”

ती कसं बघते, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. वाईन चाखायच्या प्रत्येक टेबलावर एक छोटी पत्र्याची बादली असते, न आवडलेलं त्यात ओतायचं. पाहुणे बाहेर पडले की रोसाल्बा मागे राहते आणि बादलीत डोकावते. “तोंडावर सगळे छानच म्हणतात,” ती म्हणते. “बसमधली पोरंही डबा आवडला म्हणायची. मी सीटखाली बघायचे.” एका वायनरीची बादली भरलेली निघाली, तर तिने तो थांबाच काढून टाकला. तो मालक अजून तिला चर्चमध्ये ओळख देत नाही.

त्या शनिवारी मी तिकीट काढून व्हॅनमध्ये चढले. मोठी हॅट, काळा चष्मा. आपल्याला कुणी ओळखणार नाही अशी माझी समजूत होती.

“ग्वेन, चष्मा काढ,” रोसाल्बा म्हणाली. “पायरी दिसायची नाही.”

दोन्ही वायनऱ्यांत मी घोटभरच घेतलं. बिअरच्या ठिकाणी अर्धा ग्लास घेतला, तोही धीर यावा म्हणून. शेवटी आम्ही शेडवर पोचलो. डेलियाने छोटे ग्लास मांडले, मेस्किट या बाभळीसारख्या झाडाच्या फुलांचा मध, काटेरी निवडुंगाच्या फळांचा रस वगैरे सांगायला सुरुवात केली आणि माझ्याकडे एकदाच असं बघितलं की मी मागच्या बाकावर जाऊन बसले.

माझ्या शेजारी टूसॉनचा एक दातांचा डॉक्टर होता. त्याने एक घोट घेतला. “आमची आजी खोकल्याला असंच काहीतरी द्यायची,” असं बायकोला म्हणाला आणि ग्लास धरलेला त्याचा हात बादलीकडे निघाला.

“द्या इकडे,” मी म्हटलं. “टाकू नका.”

त्याने दिला. मी संपवला. मग त्याच्या बायकोचा. पलीकडे लग्नाआधीची मौज करायला आलेल्या मुलींचा घोळका होता. त्यांना ही करमणूकच झाली. “काकू, हाही घ्या. काकूंना तहान लागलीय.” मी सगळ्यांचे घेतले. बादली कोरडी राहिली पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. या वयात आणि बी.ए. होऊनही मला याहून चांगली युक्ती सुचली नाही.

पाहुणे बाहेर गेले. मला त्या घोळक्यातल्या दोघींनी धरून गाडीत बसवलं होतं. काच उघडी होती, म्हणून आतलं ऐकू आलं.

“बादली तर कोरडी आहे, मिस रोसाल्बा,” डेलिया आशेने म्हणाली.

“ही कोरडी आहे. भरलेली बाहेर गाडीत बसलीय.”

डेलिया गाडीपाशी आली. रागावेल असं वाटलं होतं. “कुठली आवडली तुला?” तिने विचारलं.

“सगळ्याच छान.”

“किती प्रकारच्या होत्या?”

मला सांगता येईना. इतकं प्यायले आणि चव एकाचीही घेतली नव्हती.

“तुला वाटलंच होतं ना, लोक ओततील म्हणून,” ती म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर रोसाल्बाने मला पाण्याचा पेला दिला, संपल्यावर आणखी एक दिला. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

“पुढच्या शनिवारी परत आणते माणसं,” ती म्हणाली. “तू घरी थांब.”

थांबले. फ्रिज दोनदा पुसला. संध्याकाळी पांढरी व्हॅन दाराशी आली. रोसाल्बा खाली उतरली नाही, काच खाली करून बोलली.

“मेस्किटची संपवली लोकांनी. काटेरी निवडुंगाची बादलीत गेली, जवळजवळ सगळी. ती काढून टाक म्हणून सांगितलंय पोरीला. दर शनिवारी येईन मी.”

मी फाटक धरून उभी राहिले. “डेलिया काय म्हणाली?”

“म्हणाली, निवडुंगाची परत करून बघेन. आणि रडली नाही. तू विचारणार, म्हणून आधीच सांगते.”

विचारणारच होते. मग म्हटलं, “जेवली का ती?”

रोसाल्बाने काच वर केली आणि गाडी सुरू केली.